चौदा एप्रिलचं नवं गाणं

आमच्या घरात साल बदलतं ते चौदा एप्रिलला. एक जानेवारीला मोबाईलवर शुभेच्छा येतात, त्या पुसून टाकायच्या एवढंच काम. वाटूरच्या आमच्या वस्तीत विहारासमोर भोंगा लागला, ‘तातेराव आणि पार्टी’ची नवी गाणी वाजली, की मग नवं साल लागलं असं धरायचं. तातेराव म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

दादांची पहिली गाणी निघाली तेव्हा वस्तीत अल्बम हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. ती कॅसेट होती. पुढं सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानात कार्डात भरून मिळायला लागली, आणि आता यूट्यूबवर येतात. वस्तू बदलत गेली, तारीख तीच राहिली. एका साली दादांना टायफॉइड झाला होता, तरी गाणी चौदा एप्रिललाच आली. लॉकडाऊनच्या साली विहाराला कुलूप होतं, तर दादांनी आमच्या पत्र्यावर भोंगा बांधला आणि लोकांनी आपापल्या दारात उभं राहून ऐकलं. वस्तीतल्या बायका लेकरांची वयंसुद्धा त्यावरूनच सांगतात. कुणी ‘माळावरचा झेंडा’ ही कॅसेट निघाली त्या सालचा, कुणी त्याच्या पुढच्या सालची.

यात दोन नियम होते आणि ते दादांनीच केलेले. पहिला, पार्टी सोडून कुणीही चौदा तारखेच्या आधी गाणी ऐकायची नाहीत, घरच्यांनीसुद्धा नाही. सकाळी त्रिशरण-पंचशील झालं की वस्तीतली सगळ्यांत म्हातारी गोजरबाई बटण दाबणार आणि मगच सगळे एकदम ऐकणार. दुसरा नियम, गाणी नवीन पाहिजेत. बाबासाहेबांच्या पुढं एकदा ठेवलेलं पुन्हा ठेवायचं नाही. या दुसऱ्या नियमापायी दादांनी मागं वस्तीतल्या प्रेमची पार अब्रू काढली होती. प्रेमचा डीजे आहे, जयंतीचा सगळा साउंड त्याचाच. त्यानं एका साली जुन्याच गाण्यावर धडाड-धडाड टाकून ‘नवीन गाणं’ म्हणून वाजवलं. दादा स्टेजवरून माइकमध्ये म्हणाले, “पोरा, उष्टं ताट वाढून राह्यला काय?” लोक पोट धरून हसले. प्रेम हसला नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याच्याशिवाय मार्चच्या शेवटी माझी झोप का उडाली ते कळायचं नाही.

मी जालन्यात शिक्षिका आहे. शाळेत पेपर तपासत बसले होते तेव्हा मायचा फोन आला. “दीपे, सुट्टी बघून एकदा येऊन जा.” काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, येऊन जा. माझ्या मायला फोनवर एक वाक्य धड सांगता येत नाही आणि त्या अर्ध्या वाक्यानं माझा जीव मात्र टांगणीला लागतो. मला आधी दादांची शुगर आठवली. मग फेब्रुवारीतली गोष्ट आठवली. दादा परतूरहून येताना वाटूर फाट्यावर उतरले आणि तिथंच उभं राहून लोकांना विचारत होते, वाटूरची गाडी किती वाजता आहे? ओळखीच्या एकानं घरी आणून सोडलं. दादांनीच तो किस्सा रंगवून सांगितला होता आणि आम्हीही हसलो होतो. वाटूरला निघाले तेव्हा बसमध्ये मला त्याचं हसू आलं नाही.

घरी पोचले तर दादा पुढं ओट्यावर हार्मोनियम पुसत बसलेले. चांगले टुणटुणीत. “आली का माय? पायलला न्हाई आणलं?” पायल माझी मुलगी, येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार. मी म्हटलं तिची बालवाडी आहे. मायनं मला मागच्या अंगणात ओढलं आणि धुण्याच्या दगडावर बसवलं.

“परवा रेकार्डिंगला गेल्तो जालन्याला, आर्यनच्या स्टुडिओत,” ती म्हणाली. कोरसला पहिल्या कॅसेटपासून मायच असते. “तुझ्या दादानं पहिलं गाणं काढलं. म्हणले, यंदाचं खास हाय, पायलवर लिहिलंय, ती शाळेत जाणार म्हणून. तालीम बी घेतली न्हाई. पार्टीला बी इथंच ऐकवतो म्हणले.”

“मंग?”

माय इकडंतिकडं बघून बारीक आवाजात गुणगुणली.

“पाटी दिली गं हाती, संगं दिली लेखणी,
भीमाच्या जयंतीला लेक माझी देखणी.”

मी हसलेच. “माय, हे तर माझं गाणं हाय!”

“हां,” माय म्हणाली. ती हसत नव्हती.

ते माझंच गाणं होतं. मी पहिलीत जाणार होते त्या सालच्या कॅसेटमध्ये, मागच्या बाजूला अगदी शेवटी. कार्यक्रमात ते कधी चाललं नाही. संथ होतं आणि लोकांना नाचायचं असायचं, म्हणून दादांनी स्टेजवर ते पुन्हा घेतलंच नाही. पण बायकांनी ते घरात उचललं. वस्तीत कुणाचीही लेक पहिल्यांदा शाळेत निघाली की तिची माय वेणी घालताना हे म्हणते. माझ्या लग्नात म्हटलं होतं. आणि दादांनी ते शब्दन् शब्द, चालीसकट, पुन्हा ‘नवीन’ लिहिलं होतं.

“पुंजारामकाकांना कळलं न्हाई का?” मी विचारलं. पुंजारामकाका गावातले शेतकरी, दादांच्या पार्टीत सुरुवातीपासून ढोलकीला.

“त्याचा हात आपोआप जुन्या ठेक्यावर गेला. त्यानं माझ्याकडं बघलं, मी खाली बघलं. मंग म्हणले मी बी. काय करणार? तुझे दादा तर खूश. म्हणले, कौसल्या, एकदा ऐकलं अन् उचललं तू! त्या आर्यनला म्हणले, बघ, याला पार्टी म्हणतेत.”

“तू तिथंच का सांगितलं न्हाई?”

“तू सांग ना. बसलेत बाहेर,” माय म्हणाली. तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. “दवाखान्यात नेऊ त्यांना, पण जयंती होऊ दे. आधी न्हाई.”

मला तिचा राग आला. मला रागच लवकर येतो, भीतीसुद्धा मला रागासारखीच येते. तरातरा बाहेर आले ते सांगून टाकायचं ठरवूनच. शिक्षिका आहे मी, लेकरांना त्यांच्या चुका दिवसभर सांगते. त्यात काय एवढं?

दादांनी मला शेजारी बसवलं. “दीपे, तुला एक गोष्ट सांगू? कुणाला म्हणू नको. दोन सालापासून मला आतून काही येतच नव्हतं. मागच्या गाण्यात काही दम न्हाई, मला बराबर कळतंय. लोकं तोंडावर बरं म्हणतेत. मला वाटलं, संपलं आपलं. पेन घेऊन बसायचो अन् तसाच उठायचो.” त्यांनी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. “अन् यंदा आलं. अख्खं आलं, चालीसकट. कुठं अडकलं न्हाई, एक शब्द बी खोडला न्हाई. असं माझ्या जिंदगीत झालं न्हाई.”

मला माहीत होतं तसं कधी झालं नव्हतं. दादांची एक ओळ आठवडाभर घरात फिरायची. जेवताना, अंघोळीला, आम्हाला रागावताना ते शब्द बदलत राहायचे. आणि आता त्यांचा चेहरा असा झाला होता की तो मी बऱ्याच सालात बघितला नव्हता.

“तू काय म्हणून राह्यली होतीस?” त्यांनी विचारलं.

“चहा ठेवू का?” मी म्हणाले. आत येऊन चहाच्या भांड्यावर मी उगीच आदळआपट केली.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. वर्गात पाढे घेताना मध्येच माझं लक्ष उडायचं. एकच चित्र डोळ्यांपुढं यायचं. विहारासमोर सगळी वस्ती बसलेली आहे, भोंग्यातून गाणं सुरू होतं, आणि कुणीतरी उठून म्हणतं, अहो तातेराव, हे तर जुनंच आहे! मग दादा कुणाकडं बघतील? लोक हसले तर तेही एक वेळ चाललं असतं, हसण्यावारी नेता येतं. माझी भीती दुसरीच होती. आपल्या डोक्यातून काहीतरी निसटत चाललंय हे त्यांना त्या गर्दीत, आयुष्यभर ज्या लोकांपुढं गायले त्यांच्यापुढं, एकदम कळेल याची होती. आणि ज्या दिवशी कळायचं तो दिवस चौदा एप्रिल नसावा, एवढंच मला हवं होतं.

मी आर्यनच्या स्टुडिओत गेले. पोरगा हुशार, पण त्याचा जन्म त्या कॅसेटनंतरचा. मी विचारलं, पहिलं गाणं काढता येईल का, निदान शेवटी टाकता येईल का?

“ताई, काका रोज फोन करून राह्यले त्याच गाण्यासाठी,” तो म्हणाला. “अल्बमचं नाव बी त्याच्यावरूनच हाय.” त्यानं स्क्रीनवर कव्हर दाखवलं. निळ्या रंगावर पायलचा फोटो, हातात पाटी. दादांनी तो माझ्या नवऱ्याकडून गुपचूप मागवून घेतला होता. “भारी गाणं हाय, ताई. असं कुणी लिहीत न्हाई आता.”

काढायचं तर दादांना कारण सांगावं लागलं असतं. मी फोटो छान आहे म्हणाले आणि जिना उतरले.

पुंजारामकाका फाट्यावर भेटले. त्यांनी तोडगा काढून ठेवला होता. “मी आधी माइकवर सांगतो, लोकांच्या आग्रहाखातर एक जुनं गाणं पुन्हा घेतलंय. झालं, मिटलं.”

“अन् दादा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतील, त्यांचं काय?”

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “ते बी खरंय. दीपमाला, तुला सांगतो, तो इतका पक्का बोलतोय की कधी कधी मलाच वाटतं, आपणच चुकून राह्यलो. नवंच असंल गाणं.” ते हसायला गेले पण त्यांना जमलं नाही.

चौदा तारखेला मी पायलला घेऊन सकाळीच वाटूरला पोचले. विहारासमोर निळ्या पताका, पंचशील ध्वज, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, बुंदीच्या परातींवर झाकलेली फडकी. दादा पांढऱ्या शर्टात, दाढी गुळगुळीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला जय भीम घालत होते. शेवटचा उपाय म्हणून मी प्रेमकडं गेले. तो स्पीकरच्या भिंतीमागं वायरी जोडत होता.

“प्रेम,” मी हळूच विचारलं, “ही सिस्टीम मध्येच बंद पडू शकते का रे?”

तो ताडकन उभा राहिला. “माझी सिस्टीम? ताई, आजपोतर बंद पडली न्हाई! जनरेटर बी आणून ठेवलाय. तुमच्या दादानी काही सांगून पाठवलं का?”

“न्हाई न्हाई. सहज विचारलं.”

“सहज कुणी असं विचारतं व्हय?” तो पुटपुटत पुन्हा वायरींत शिरला. एक उपाय होता तोही मी माझ्या हातानं घालवला, वर त्याला डिवचून आले.

वंदना झाली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या मूर्तीला हार झाले. लोक सतरंज्यांवर बसले. दादा पुढं खुर्चीवर, शेजारी पुंजारामकाका, मान खाली घालून. माय बायकांत बसली होती. मी तिच्याकडं बघत होते पण ती माझ्याकडं बघत नव्हती. गोजरबाईला दोघींनी धरून लॅपटॉपपाशी आणलं. प्रेमनं तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. “दाब आजी.” तिनं दाबलं आणि तिथंच पायरीवर बसली.

ढोलकी सुरू झाली, तोच जुना ठेका. मग दादांचा आवाज, जरा थकलेला, पण स्वच्छ.

“पाटी दिली गं हाती, संगं दिली लेखणी…”

लोकांच्या माना वळायला लागल्या. बायकांत पुढं बसलेल्या उषाबाईनं शेजारणीच्या मांडीवर हात ठेवला. मागं कुणीतरी “आं?” केलं. पुरुषांत कुजबुज सुरू झाली आणि दादांनी त्या बाजूला बघितलं. स्पीकरजवळ प्रेमनं मान वर केली. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, मग तो गालात हसला. त्याच्या हाताशी माइक होता. तो त्यानं उचलला. प्रेमनं दादांकडं बघितलं, दादांच्या त्या फुललेल्या चेहऱ्याकडं, आणि मग त्याची नजर मला शोधत आली. मी काय विचारायला आले होते ते त्याला त्या क्षणी कळलं असावं. मी हात जोडले. एवढ्या गर्दीत मी कुणाला हात जोडतेय याची मला लाज वाटली नाही.

तेवढ्यात पायरीवरून गोजरबाईचा चिरका आवाज आला. भोंग्यात पुढचं कडवं यायच्या आधीच ती त्याची ओळ म्हणत होती.

“मागं नको बघू लेकी, पुढं टाक पाय…”

तिला काही ठाऊक नव्हतं. ना मायनं तिला सांगितलं होतं, ना मी. ओळखीचं गाणं लागलं म्हणून म्हातारी म्हणायला लागली, इतकंच. उषाबाईनं तिच्यात आवाज मिसळला. मग तिच्या शेजारणीनं, मग मागच्या रांगेनं. पांढऱ्या साड्यांची ती सगळी बाजू गायला लागली. पुरुषांची कुजबुज थांबली. प्रेमनं माइक खाली ठेवला आणि भोंग्याचा आवाज कमी केला, इतका कमी की फक्त बायकांचाच आवाज उरला.

आणि दादा घाबरले.

ते मी बघितलं. ते खुर्चीवरून उठले, भोंग्याकडं बघितलं, मग लोकांकडं. त्यांचे ओठ हलत होते पण ते गात नव्हते. आपलं कालपरवा लिहिलेलं, कुणीच न ऐकलेलं गाणं या सगळ्यांना कसं येतं, हे त्यांना कळत नव्हतं. एक हात खुर्चीच्या पाठीवर चाचपडत होता. लहान लेकरू जत्रेत हात सुटल्यावर बघतं तसे ते सगळ्यांकडं बघत होते. माझी सगळी भीती होती ती याच क्षणाची. आता त्यांना कळणार असं मला वाटलं.

माय बायकांतून उठली. गात गातच पुढं आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. नजर त्यांच्या चेहऱ्यावर ठेवून ती म्हणत होती आणि तिच्या मागून सगळी वस्ती, मीसुद्धा, म्हणत होती,

“भिऊ नको, मागं तुझ्या उभी हाय माय.”

दादांनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांचा खुर्चीवरचा हात सुटला, तोंडावर हळूहळू हसू आलं आणि त्यांनी शेवटची ओळ लोकांबरोबर म्हटली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना काय कळलं आणि काय कळलं नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मायला विचारलं तर ती धुणं घेऊन मागच्या अंगणात निघून जाते.

पुढची गाणी कुणी नीट ऐकली असं मला वाटत नाही. बुंदी वाटली गेली. लोक येऊन दादांच्या हातात हात देत होते, आणि “हे तर जुनं आहे” असं एकही जण म्हणाला नाही. प्रेम आला, दादांच्या पाया पडला. “काका, एक नंबर,” म्हणाला आणि माझ्याकडं न बघता वायरी गुंडाळायला गेला. मी त्याला त्या दिवसापर्यंत उनाड पोरगाच समजत होते.

गर्दी कमी झाल्यावर दादा माझ्याकडं आले. त्यांनी पायलला कडेवर घेतलं, ती आता कडेवर घेण्याएवढी लहान नाही तरी घेतलं.

“बघितलं का, दीपे?” त्यांचा श्वास फुलला होता. “आज पहिल्यांदा वाजलं अन् सगळी वस्ती म्हणून राह्यली! इतक्या सालात असं कधी झालं न्हाई. लोकांच्या तोंडात आधीच असल्यासारखं!”

“हां, दादा.”

“तू बी म्हणत होतीस. मी बघितलं. तुला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू ते बरोबरच होतं. मग पायलच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, “मी उगीच भेत होतो की आपलं संपलं. पुढच्या चौदा एप्रिलला असंच एक लिहितो बघ.”

माय माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं माझा दंड घट्ट धरला.

“लिहा, दादा,” मी म्हणाले. “असंच लिहा. बिलकुल असंच.”